दुकानदाराची यादी राहू द्या, आधी बोअरचं पाणी बघा

नमस्कार,

लेकीच्या वाढदिवसाला (ती पाचवीत आहे) आम्ही फिश टँक घेतला. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. आतला फिल्टर, खडी, लाइट सगळं बसवून झालंय. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून टाकी बोअरच्या पाण्याने भरली. आरओवाल्याने मागे मीटर लावून टीडीएस ७८० सांगितला होता. पाणी भरून चार दिवस झाले. दुकानदाराने यादी दिली आहे: ४ गोल्डफिश, २ शार्क, ६ निऑन टेट्रा, एंजलची जोडी, ४ टायगर बार्ब आणि काच साफ ठेवायला १ सकर. "सगळे एकत्र राहतात, काळजी करू नका," म्हणाला. लेकीला शार्क हवाच आहे. सासूबाई म्हणतात एक तरी काळा मासा पाहिजे, वास्तूला चांगला. शिवाय दिरांनी काचेच्या बोलमध्ये एक फायटर आणून दिलाय, तोही टाकीतच सोडावा असं मी म्हणते. या रविवारी मासे आणायचे आहेत. कोणते घ्यावेत आणि किती?

— एक आई, सोलापूर

नमस्कार,

रविवारी दुकानात जरूर जा, पण मासे आणू नका. मासे महिन्याभराने. लेकीचा चेहरा पडेल हे कळतंय, तिच्यासाठी एक काम शोधून ठेवलंय, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: टीडीएस ७८०. बहुतेक घरांत आधी मासा पसंत पडतो आणि मग त्याच्यासाठी पाणी 'दुरुस्त' करायचे थेंब आणि पुड्या सुरू होतात. पाणी बदलत बसणं कायमचं खर्चाचं काम आहे. मासा बदलायला काहीच लागत नाही, कारण तो तुम्ही अजून घेतलेलाच नाही.

टीडीएसचा मीटर विरघळलेल्या क्षारांची बेरीज तेवढी दाखवतो, कोणते क्षार ते सांगत नाही. पण आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक वेळा कॅल्शियम-मॅग्नेशियमचं, म्हणजे जड असतं. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा पाण्याचा पीएच (पाणी आम्लाकडे की खाराकडे झुकतं ते दाखवणारा आकडा, मधला ७) सहसा साडेसातच्या वर असतो. माशांच्या हिशेबात हे वाईट पाणी मुळीच नाही. गप्पी मूळचा व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. या मंडळींना जड पाणीच मानवतं. मऊ पाण्यात मॉली पर (पोहायचे पंख) आखडून जागच्या जागी डुलत राहते, आणि दुकानदार "थंडी वाजतेय तिला" म्हणून हीटर गळ्यात मारतो.

निऑन टेट्राचं नेमकं उलट. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्याचा मासा. बाजारात येणारे निऑन आता बहुतेक फार्मवर वाढलेले असतात आणि थोडंफार जुळवून घेतात, पण ७८० टीडीएस आणि वर नवी कोरी टाकी, हे त्यांना जास्त होईल. पुण्या-मुंबईत नळाला धरणाचं मऊ पाणी येतं, तिथे निऑनचा विचार करता येतो. तिथल्या एखाद्या मैत्रिणीच्या घरी निऑनचा थवा बघितला असेल तर तिचं पाणी वेगळं आहे हे लक्षात ठेवा. आणि टाकीत नुसतं आरओचं पाणी ओतायचा मोह टाळा. त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, त्यामुळे पीएच एका जागी राहत नाही.

आता यादी. दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक मासा पिल्लू असतो, आणि ही गोष्ट काउंटरवर कोणी बोलत नाही. लेकीला आवडलेला शार्क घ्या. तो शार्क नव्हेच, तो पंगस. दोन-तीन इंचांचा असताना रुपेरी अंग, पाठीवर ताठ पर, सतत पोहत राहायची सवय, त्यामुळे पोरं हरखतात. मूळचा तो मेकाँग नदीतला, आणि पूर्ण वाढला की मीटरभराच्या पुढे जातो. आपल्याकडे त्याला तळ्यांत आणि धरणांतल्या पिंजऱ्यांत खाण्यासाठी वाढवतात. हॉटेलात 'बासा' म्हणून जे फिलेट ताटात येतं ते बहुतेक त्याचंच. शिवाय जात भित्री. अचानक लाइट लागला की काचेवर धडकून नाक सोलून घेतो. दुकानदार म्हणेल, "टाकी लहान असली की मासापण लहानच राहतो." वाढ खुंटते हे खरं, पण ती कोंडून ठेवल्याने आणि खराब पाण्याने खुंटते, आणि असा मासा लवकर मरतो. लेकीला एकदा मासळी बाजारात नेऊन वाढलेला पंगस दाखवा. पाचवीतल्या मुलीला फूटपट्टी कळते.

गोल्डफिशचं दुखणं वेगळं. तो थंड पाण्याचा, भरपूर खाणारा आणि तितकीच घाण करणारा मासा. फॅन्सी शेपटीवाले सहा-आठ इंच होतात, साधा कॉमेट फुटाच्या घरात जातो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. तुमची टाकी मापाने ५६ लिटरची. खडी आणि वरची मोकळी जागा वजा करा, ४५-४६ लिटर पाणी उरतं. त्यात चार गोल्डफिश म्हणजे दिवसाआड बादल्या उपसणं. आणि सोलापूरचा मे महिना! बाहेर पारा ४२ वर असताना घरातल्या टाकीचं पाणी एकतीस-बत्तीसवर जातं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून ग्लप-ग्लप करताना दिसला की घरचे म्हणतात, भूक लागलीय. मग वरून आणखी खाणं पडतं आणि पाणी आणखी बिघडतं.

एंजल उभा वाढतो. झालरींसकट आठेक इंच उंची होते आणि तुमच्या टाकीत खडीच्या वर दहा इंच पाणी असेल-नसेल. मोठा झाल्यावर निऑन त्याच्या तोंडात मावतात, आणि जे मावतं ते तो गिळतो. टायगर बार्ब मोठ्या घोळक्यात आपापसांत भांडून दमतात; चारच असले की दुसऱ्यांच्या झालरी कुरतडत सुटतात. ही दोन नावं एकाच यादीत लिहिणाऱ्याने ती कधी एका टाकीत बघितली असतील असं वाटत नाही.

सकरबद्दल जरा जास्त बोलते, कारण तो घराघरांत गेलाय. सकर टाकी साफ करतो ही समजूत अर्धीच खरी आहे. लहानपणी तो काचेवरचं शेवाळ खातो, पण माशांची विष्ठा खात नाही, उलट स्वतःच ढिगाने करतो. टाकीच्या तळाशी पडणाऱ्या लांबलचक काळपट दोऱ्या त्याच्याच असतात. वर्ष-दोन वर्षांत फुटाकडे जातो, शेवाळावरची वासना उडते, रात्री दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांची त्वचा खरवडतो. मग लोक कंटाळतात आणि "जीव वाचवू" म्हणून तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतात. असे सोडलेले सकर आज देशात ठिकठिकाणी जलाशयांत माजलेत. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत ते भरलेत, केरळच्या कालव्यांतही. अंगावर कडक खवल्यांचं चिलखत, परांना काटे. जाळ्यात आला की जाळी फाटते आणि त्याला गिऱ्हाईक नसतं. काच साफ करायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. आठवड्यातून एकदा आतून फिरवलं की काम झालं, आणि त्याला खायला घालावं लागत नाही.

म्हणजे १९ पैकी १९ बाद.

पाणी चार दिवस ठेवलं म्हणजे टाकी तयार झाली, असं धरून तुम्ही रविवार ठरवलाय. नळाचं पाणी असतं तर तेवढ्यात क्लोरीन उडून गेला असता. तुमच्या बोअरच्या पाण्यात बहुधा तो नव्हताच. खरी तयारी वेगळी आहे. माशांच्या विष्ठेतून, श्वासातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात, आणि त्यांना खायला अमोनिया मिळाला तरच वाढतात. नुसत्या स्वच्छ पाण्यात महिनाभर पंप फिरवलात तरी काही होत नाही. त्यात तुमच्या जड पाण्यात एक मेख आहे. सारख्याच तपमानाला पीएच ७ चा ८ झाला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. नव्या टाकीत एकदम १९ मासे सोडून आठवड्यात रोज एकेक काढावा लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. दृष्ट लागण्याचा संबंध नसतो.

तेव्हा करायचं असं. फिल्टर चोवीस तास चालू, आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणू कामाला लागतात. चार ते सहा आठवडे धरा. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा मळका स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या. विरजण लागल्यावर दही जमतं तसं काम निम्म्या वेळात होतं. बाटलीतले जिवाणूही मिळतात. काही बाटल्या गुणाच्या असतात, काहींत नुसतं पिवळं पाणी, आणि बघून फरक कळत नाही.

फरक कळतो तो टेस्ट किटने, आणि रविवारी दुकानातून आणायची वस्तू हीच: अमोनिया आणि नायट्राइटचं थेंबांचं किट. हे लेकीचं काम. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं आणि रंग सोबतच्या कार्डाशी लावून बघायचा. अमोनियाच्या बहुतेक किटमध्ये पिवळं म्हणजे ठीक, हिरवट झालं की अमोनिया आहे. तारीख आणि रंग वहीत. अमोनिया चढतो, मग उतरतो, मागून नायट्राइट चढतं आणि उतरतं. खाणं टाकत असतानाही सलग काही दिवस दोन्ही शून्य दिसले की अर्धंअधिक पाणी बदलायचं आणि दुकान गाठायचं. मला विचाराल तर या महिन्यात तिला जेवढी गंमत येईल तेवढी पंगसने दिली नसती.

आता घ्यायचे कोणते. आठ नर गप्पी, तीन नर प्लॅटी आणि एक काळी मॉली, तीही नर. बस्स. सासूबाईंचा काळा मासा यात आपोआप आला, आणि वास्तूचं माहीत नाही, पण तुमच्या जड पाण्याला तो चांगला आहे. मॉली अडीच-तीन इंचांपर्यंत जाते, म्हणून एकच. गप्पी ऐकून नाक मुरडू नका. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" या आरोग्य खात्याच्या पाट्यांवरचे ते करड्या रंगाचे आणि हे एकाच कुळातले, पण दुकानातल्या नरांच्या शेपट्या बघा: कोब्रा नक्षी, लाल, निळ्या, अर्ध्या काळ्या. कोणती शेपटी ते लेकीला निवडू दे. आठ वेगवेगळे घेतलेत तरी एकमेकांशी जमतं.

नरच का? कारण मादी आली की पिल्लं आली. गप्पीची मादी अंडी घालत नाही, साधारण महिन्याला वीस-तीस जिवंत पिल्लं देते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढे कित्येक महिने नराशिवायही देत राहते. दुकानातली मादी बहुधा पोटुशीच असते. पिल्लं हवी असतील तर हौसेने घ्या, पण सहा महिन्यांनी डबे भरून कोणाला वाटायची ते आत्ताच ठरवा. नर ओळखायला सोपा: पोटाखाली मागे जो पर असतो तो नरात बारीक, टोकदार काडी होऊन मागे वळलेला असतो, मादीत तो पंख्यासारखा उघडा, आणि त्याच्या जरा वर पोटात काळसर डाग. प्लॅटी-मॉलीलाही हीच खूण. दुकानातला मुलगा जाळी घालून भराभर पकडतो, त्याला थांबवा आणि पिशवी उजेडात धरून प्रत्येकाचं पोट बघून घ्या. मॉली-प्लॅटीमध्ये तर रंगावरून काहीच कळत नाही.

सगळे एकदम आणू नका. आधी चार गप्पी, दोन आठवड्यांनी उरलेले चार, मग प्लॅटी, शेवटी मॉली. दर टप्प्यानंतर किट. जिवाणूंची वस्ती जेवढं खाणं मिळेल तेवढीच असते, वाढायला तिला वेळ लागतो.

दुकानात पहिला प्रश्न: "माल कधी आला?" शोभेचे बरेचसे मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येतात. काल उतरलेला माल आज घेऊ नका, आठवडाभर दुकानात टिकू द्या. ज्या टाकीत एक जरी मेलेला मासा असेल, कोणाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके असतील किंवा पर मिटलेले असतील, त्या टाकीतलं काही नको. दुकानदाराला खाणं टाकायला सांगा आणि जो धावत येईल तोच घ्या. गुलाबी-जांभळे टेट्रा समोर धरले जातील; त्यातले काही चक्क रंगवलेले असतात आणि काही महिन्यांत फिके पडतात. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, मग जाळीने मासे उचलून सोडा. दुकानाचं पाणी बेसिनमध्ये.

घरच्या दोन-तीन गोष्टी. रात्री "मोटर तापेल, वीज जाईल" म्हणून फिल्टर बंद करायची पद्धत आपल्याकडे फार. आठ वॅटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तरी सहाच्या आत युनिट होतात, आणि बंद ठेवला की स्पंजमधले जिवाणू ऑक्सिजनविना गुदमरतात. स्पंज नळाखाली किंवा साबणाने धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. दर आठवड्याला दहा लिटरची एक बादली पाणी बदलायचं, आणि दरवेळी बोअरचंच. एकदा नळाचं, एकदा बोअरचं असं नको. उन्हाळ्यात मात्र पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वर बोअरचंच पाणी भरत गेलात तर ७८० चे हजार व्हायला वेळ लागत नाही. म्हणून उडालेली पातळी भरायला आरओचं पाणी आणि बदलायला बोअरचं. आरओचा टाकीशी संबंध एवढाच. दुपारी पाणी फार तापलं तर टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, दोन-तीन अंश उतरतात. आणि डासांचा स्प्रे, कॉइल, लिक्विडचं मशीन टाकीच्या खोलीत नको. त्यातली औषधं माशांना फार थोड्या प्रमाणातही मारक असतात, आणि एअर पंप असेल तर तो खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. डबा सासूबाईंच्या कपाटात ठेवा, नाहीतर येणारा प्रत्येक पाहुणा मूठभर टाकून जाईल. चपातीचा चुरा, बिस्किट, कुरमुरे यांतलं काही नाही.

राहिला दिरांचा फायटर. तो या टाकीत सोडू नका. गप्पीची लांब रंगीत शेपटी त्याला दुसऱ्या फायटरची झालर वाटते आणि तो तुटून पडतो. कधी उलटही होतं, गप्पीच घोळक्याने त्याची झालर कुरतडतात. पण बोलमध्येही ठेवू नका. तो वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो, म्हणून बोलमध्ये तग धरतो एवढंच. त्याच्यासाठी वीसेक लिटरची छोटी टाकी किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा खोका बघा, एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा, वर झाकण हवंच कारण तो उडी मारतो, पण झाकणाखाली हवेसाठी बोटभर जागा सोडा. त्याचा स्पंज आधी तुमच्या मोठ्या टाकीत महिनाभर नुसता टाकून ठेवलात तर तोही तयार होऊन निघेल. तोवर बोलमधलं निम्मं पाणी दिवसाआड बदला, आणि नवं पाणी त्याच तपमानाचं असू द्या.